पटावर उरलेले मूल

दहावीच्या निकालात रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा कोकण विभाग राज्यात पहिला येणार, हे आता आपण गृहीतच धरतो. २०२५ साली राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला, कोकणाचा ९८.८२ टक्के. या यशाचा आम्हांलाही अभिमान आहे. परंतु टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची असते. वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेचा पट निराळीच हकिकत सांगतो.

२००१ ते २०११ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली. माणसे मुंबईला गेली, कुटुंबे लहान झाली, आणि मागे राहिलेल्यांपैकी ज्यांना परवडले त्यांनी मुलांना इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले. राज्यात वीसपर्यंत पट असलेल्या १४,७८३ शाळा असल्याचे २०२३ साली सांगण्यात आले आणि त्यांच्या समूहशाळा करण्याचा विचार पुढे आला.

यात दोष कोणाचा? आपल्या मुलाचे हित पाहणे हे आईबापांचे पहिले कर्तव्य आहे. त्याबद्दल त्यांना बोल लावणे अन्यायाचे होईल. पण प्रत्येकाचा निर्णय योग्य असूनही सर्वांच्या निर्णयांची बेरीज एखाद्यावर अन्याय करू शकते. शाळा सोडून जाण्याची ऐपत असलेले गेले, की पटावर उरतात ती आंब्याच्या बागेतील राखणदाराची, चिरेखाणीवरील मजुराची मुले. त्यांच्यासाठी तक्रार करणारा पालकही मग शाळेत उरत नाही.

चार मुलांची शाळा चालू ठेवणे हाच धर्म, असेही आम्ही म्हणत नाही. सवंगड्यांवाचून मूल कोमेजते, आणि एकाच गुरुजींनी चार इयत्ता सांभाळल्या तर कोणत्याच इयत्तेला न्याय मिळत नाही. प्रश्न क्रमाचा आहे. शिक्षणहक्काच्या नियमांप्रमाणे प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. कोकणातला किलोमीटर म्हणजे घाटी, आणि आषाढात दुथडी वाहणारा पऱ्याही. गाडीची खात्रीची सोय आधी व्हावी, कुलूप नंतर लागावे. महर्षी कर्वे मुरुडहून साताऱ्याला परीक्षेसाठी पायी गेले, हे आपण मुलांना कौतुकाने सांगतो. ते कौतुक त्यांच्या जिद्दीचे आहे. सहा वर्षांच्या मुलीकडून तीच जिद्द मागण्याचा अधिकार त्याने आपल्याला मिळत नाही.

२००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. ज्यांची मुले तेथे शिकत नाहीत त्यांना त्या जागा नाहीत. पण ग्रामसभेत आणि पंचायत समितीच्या दारात त्यांच्या शब्दाला वजन आहे. आपले मूल दुसऱ्या शाळेत गेले म्हणून गावच्या शाळेशी आपले नाते संपत नाही. आपल्या मुलासाठी आपण जी शाळा पसंत करतो, तिच्या तोडीचे शिक्षण उरलेल्या मुलाला मिळते की नाही, हे विचारणे आपल्याकडेच येते. ते मूल आपले नाही, एवढे उत्तर पुरेसे आहे काय?