पाण्याच्या वाटेने पुणे

पुण्याची ओळख करून देताना लोक पेठांचे स्वभाव सांगतात. सदाशिव पेठेचा ताठा, कसब्याचा जुनेपणा, रविवार पेठेतला बाजार. ऐकणाऱ्याला वाटतं, पुणं समजलं. पण स्वभावाच्या या वर्णनात बहुतेक वेळा एका जातीचं किंवा एका वर्गाचं पुणं सगळ्या शहराच्या नावावर खपून जातं. इतक्या जुन्या शहरात शिरायचं तर पाण्याच्या वाटेने शिरावं, असं माझं ठाम मत आहे. पाणी कुठून आणलं, कुणाच्या दारी आलं आणि कुणाला नाकारलं, हे कळलं की पेठा आपोआप बोलू लागतात.

मूळचं गाव लहान होतं. पश्चिमेला आंबील ओढा, पूर्वेला नागझरी आणि उत्तरेला मुठा, यांच्या मधला कसबा आणि त्याच्या भोवतीची वस्ती. कसब्यातला कुंभारवाडा नदीच्या अंगालाच वसला, कारण त्या धंद्याला माती आणि पाणी दोन्ही हाताशी लागतं. पुढे पेशवाई आली, 1732 साली शनिवारवाडा बांधून झाला आणि त्याच्याभोवती माणसं गोळा होऊ लागली. दरबारी, सावकार, कारागीर, शिपाई, भिक्षुक. विहिरी आणि ओढे यांच्यावर एवढं गाव जगणं शक्य नव्हतं.

नानासाहेब पेशव्यांनी यावर काढलेला तोडगा आजही थक्क करतो. कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या आंबील ओढ्यावर बांध घालून त्यांनी तळी केली आणि तिथून जमिनीखालून बांधीव नळ थेट गावात आणला. पंप नाही, यंत्र नाही. उताराचा हिशेब एवढा नेमका की पाणी आपल्या ओढीने मैलोगणती वाहत शनिवारवाड्यापर्यंत पोहोचे. नळातली हवा बाहेर पडावी आणि आत उतरून गाळ काढता यावा, म्हणून मध्ये मध्ये उच्छ्वास बांधले. वाटेत गावासाठी हौद ठेवले. त्याच काळात ओढ्याचा प्रवाह पर्वतीच्या बाजूने पश्चिमेकडे वळवला गेला. जुन्या पात्रापलीकडे वस्तीला जागा मोकळी झाली आणि सदाशिव, नारायण या पेठा तिथे वाढल्या. ज्या सदाशिव पेठेला आपण अनादि काळापासूनचं पुणं समजतो, तिला एका ओढ्याने दिशा बदलल्यावर मोकळं रान मिळालं. पर्वतीच्या पायथ्याशी तळं झालं. तेच पुढे बुजवलं गेलं आणि तिथे आजची सारसबाग उभी राहिली. तिथल्या गणपतीला म्हणूनच तळ्यातला गणपती म्हणतात.

हा सगळा पराक्रम खरा. पण पराक्रमापाशी थांबलं तर शहर अर्धंच कळतं. हौदात पाणी आलं म्हणजे ते सगळ्यांना मिळालं असं नव्हे. पाण्याला शिवायचा हक्क कुणाला, हे जात ठरवत होती आणि गावात शेकडो माणसं हौद डोळ्यांसमोर असूनही तहानलेली राहत होती. 1868 साली जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या माणसांसाठी खुला केला. पेशव्यांच्या नळाला जे साधलं नव्हतं ते एका घराच्या अंगणात झालं. पुण्याच्या पाण्याच्या इतिहासात मी ही घटना कात्रजच्या नळाच्या बरोबरीची मानतो. किंबहुना वरचीच.

गंज पेठेला लागूनच गुरुवार पेठ. तिथल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये 1890 साली टिळक, रानडे आणि आणखी काही प्रतिष्ठित मंडळी चहा प्यायली. गोपाळराव जोशींनी ती नावं छापून आणली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उभं राहिलं. फुल्यांच्या हौदाला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात, एवढ्याशा अंतरात, कुणाच्या हातचं काय प्यावं हा प्रश्न शहराने सोडवलेला नव्हता. या दोन जागा एका फेरीत पायी पाहता येतात. एकीकडून दुसरीकडे जाताना एकोणिसाव्या शतकातलं पुणं जेवढं समजतं, तेवढं कुठल्याही वाड्याच्या दिंडीतून समजत नाही.

पुढे खडकवासला धरणाचं पाणी घरोघर आलं आणि हौदांचं काम संपलं. फडके हौदासारखी नावं चौकांना चिकटून राहिली. ओढा आणि नदी गावाच्या मनातून मागे पडली. मग 12 जुलै 1961 रोजी पानशेतचं धरण फुटलं. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार या पेठांतले काठालगतचे वाडे पाण्याखाली गेले. बेघर झालेल्यांच्या वसाहती लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा ठिकाणी उभ्या राहिल्या. पेठेतली माणसं मोठ्या संख्येने पेठेबाहेर गेली, ती अशी. जुन्या पुण्याचा शेजार त्या दिवशी मोडला आणि तो पुन्हा तसा जुळला नाही.

सहकारनगराच्या अंगाने आंबील ओढा वाहतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री तो कात्रजपासून फुगत आला आणि अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी या भागांत घरांत शिरला. माणसं गेली, भिंती कोसळल्या. ज्या ओढ्याने पेशव्यांचं पुणं पोसलं, त्याचं पात्र आपण बांधकामांनी आवळत आणलं होतं. हे अज्ञानातून झालं असं मला वाटत नाही. ओढा कुठून कुठे जातो हे नकाशात होतंच, त्याची किंमत कुणाला वाटत नव्हती.

पुण्यात नव्याने आलेल्यांना आणि पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे, की पावसाळ्यानंतर एकदा कात्रजच्या तळ्यापासून निघा आणि आंबील ओढ्याच्या काठाने मुठेपर्यंत चालत या. दुसऱ्या दिवशी गंज पेठेत फुल्यांच्या वाड्यात जाऊन तो हौद पाहा. आणि आपल्या सोसायटीखालून किंवा शेजारून कोणता ओढा जातो, हे आपल्या नगरसेवकाला लेखी विचारा.