दया की काम?

एकादशीला दारी आलेल्या पांगळ्याच्या झोळीत मूठभर पीठ टाकले की आपली भूतदया संपते. सज्जनहो, त्याला पीठच हवे होते, की काम?

गोरोबाकाकांची कथा निघाली की श्रोते हात तुटल्यापाशी रडतात. पुढचे फारसे कोणी ध्यानी घेत नाही. हात गेल्यावर देव भिक्षा घेऊन आला नाही. विठू कुंभार होऊन त्यांच्या घरी चाकरीस राहिला, चाक थांबू दिले नाही, अशी परंपरा आहे. गोरोबा कुंभारच राहिले.

कोणी म्हणेल, ज्याचे त्याचे प्रारब्ध! अहो, प्रारब्ध हा शब्द भोगणाऱ्याने उच्चारावा, पाहणाऱ्याने नव्हे. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापिली. वरोऱ्याच्या आनंदवनात झडल्या बोटांच्या माणसांनी शेती पिकविली, कापड विणले.

२०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा राखल्या. त्याहून मोलाचे दुसरे कलम: सरकारी नोकरीत असता अपंगत्व आले तर माणसाला काढता येत नाही, ते काम झेपेना तर त्याच पगारावर दुसरे द्यावे लागते.

पण आमच्या जुन्नर-आंबेगावात सरकारी कचेरीवर पोट असणारे किती? नारायणगावचा टोमॅटोचा बाजार, मंचरची पेठ. तिथल्या खाजगी गाळ्यांवर राखीव जागा नाहीत. अधू पायाच्या माणसाला माल निवडायला बसवावे, काट्यापाशी हिशेबाला बसवावे, एवढे जमण्यासारखे आहे. अवघड जाते ते पुरी मजुरी मोजणे. उपकार म्हणून ठेवतो, हातावर अर्धे टेकवतो. आणि हंगाम ओसरला की पुष्कळदा पहिला तोच निघतो.