स्नेहाचे भांडवल

गळ्यात तुळशीची माळ पडते तेव्हा वारकऱ्याला जी थोडी पथ्ये सांगितली जातात, त्यांत परद्रव्याचा अभिलाष धरू नये हे एक मुख्य पथ्य आहे. साधा माणूस याचा अर्थ एवढाच घेतो की, चोरी करू नये, कोणाचे बुडवू नये. तेवढे बहुतेक माळकरी पाळतातच. पण याच्या पुढचा एक प्रश्न आहे. दुसऱ्याने राजीखुशीने, केवळ आपल्यावरच्या विश्वासाने जे पैसे पुढे केले, ते परद्रव्य होते की नाही? त्यात चोरी नाही, जबरदस्ती नाही. देणारा हसतमुखाने देतो. मग दोष राहिला कुठे?

हा प्रश्न आम्ही उगीच शब्दांचा कीस काढण्यासाठी मांडीत नाही. आज तो गावोगाव, आळीआळीत उभा आहे. कोणी जुना मित्र, मावसभाऊ, शाळेतला सोबती किंवा दिंडीत शेजारी चालणारा वारकरी एके दिवशी अगत्याने फोन करतो. "माउली, संध्याकाळी घरी या ना. एक चांगली गोष्ट सांगायची आहे." काय गोष्ट आहे, असे विचारले तर म्हणतो, "ती अशी नाही सांगता यायची, प्रत्यक्षच या." आपण जातो. तिथे दहापाच मंडळी बसलेली असतात. फळ्यावर एक वर्तुळ काढलेले असते, त्याच्याखाली दोन, त्यांच्याखाली चार. आधी काही हजार रुपये भरून माल घ्यायचा, मग आपल्याखाली आणखी माणसे आणायची, त्यांनी आणखी आणायची, आणि वरच्याने घरबसल्या मिळकत खायची, असा तो बेत असतो. माल कधी साबणाचा, कधी औषधी भुकटीचा, कधी गादीचा. कधी तर माल नावालाच असतो. यालाच लोक साखळी योजना किंवा नेटवर्किंगचा धंदा म्हणतात.

आधी या योजनेचा हिशेब पाहू, कारण धर्माचा निर्णयही हिशेब समजल्याशिवाय होत नाही. समजा, प्रत्येकाने फक्त सहा माणसे आणायची. ऐकायला किती सोपे! सहा जण कोणाच्या ओळखीचे नसतात? पण पाचव्या पायरीला ७,७७६ माणसे लागतात. म्हणजे दोन हजार वस्तीची तीन-चार गावे एका साखळीत संपली. आठव्या पायरीला १६,७९,६१६ लागतात. दहाव्या पायरीला ६,०४,६६,१७६ आणि अकराव्या पायरीला ३६,२७,९७,०५६. सन २०११ च्या जनगणनेत साऱ्या महाराष्ट्राची लोकसंख्या, पाळण्यातली लेकरे धरून, ११,२३,७४,३३३ भरली होती. म्हणजे अकरावी पायरी भरायला तीन महाराष्ट्र हवेत! तेव्हा ही साखळी कुठेतरी तुटणार हे तिच्या जन्माबरोबरच ठरलेले असते.

आणि ती जिथे तुटेल तिथे काय दिसेल? सहाच्या हिशेबाने वाढलेली साखळी कुठल्याही पायरीला थांबवा, सगळ्या माणसांपैकी सहांतली पाच अगदी शेवटच्या पायरीवर असतात. त्यांच्या खाली कोणी नसते. त्यांनी पैसे भरले, पण त्यांना भरणारा कोणी आला नाही. वरच्या एकाला जे मिळाले ते या पाचांच्या खिशातले. ही गोष्ट कष्टावर अवलंबून नाही. सगळ्यांनी रात्रंदिवस घाम गाळला तरी सहांतली पाच खालीच राहणार, कारण रचनाच तशी आहे. असे असताना ज्याचे पैसे बुडतात त्याला वर ऐकवले जाते की, "तू मेहनत कमी केलीस, तुझा विश्वास कच्चा." पैसे गेले ते गेले, शिवाय अपराधही त्याच्याच माथी. तो बिचारा लाजेने कोणाला सांगत नाही. आणि तो गप्प बसतो म्हणूनच पुढचा फसतो.

कोणी म्हणेल, "मग काय, आपसात पैशाचा व्यवहार करूच नये का? बायका भिशी चालवतात, दिंडीत वर्गणी जमते." दोन्ही दाखले चांगले आहेत, म्हणून नीट पाहू. बारा बायकांनी दरमहा हजार रुपयांची भिशी धरली, तर वर्षात प्रत्येकीने बारा हजार भरले आणि आपल्या पाळीला बारा हजार उचलले. कोणाची पाळी आधी, कोणाची मागाहून, एवढाच फरक. तेरावी बाई आली नाही म्हणून भिशी बुडत नाही. दिंडीच्या वर्गणीचे तर विचारूच नका. त्यातून पंगत उठते, मालट्रकचे भाडे जाते, तंबू उभे राहतात, आणि वारी संपल्यावर मंडळींपुढे हिशेब वाचला जातो. भिशीत आपले आपल्याला मिळते, वर्गणीत सगळ्यांचे सगळ्यांच्या मुखी लागते. साखळीत मात्र एकाचे सुख पाचांच्या तोट्यावर उभे असते.

व्यापाराला आमच्या संप्रदायाने कधी हीन मानले नाही. तुकोबाराय वाण्याचे दुकान चालवीत, नरहरी महाराज सोनारकाम करीत, गोरोबाकाका मडकी घडवीत, सावता महाराज मळा पिकवीत. गिऱ्हाइकाला मडके हवे होते, त्याने ते घेतले, पाणी प्याला, व्यवहार पुरा झाला. ते मडके वाजवून पारखण्याची त्याला मुभा होती आणि न आवडल्यास दुसऱ्या दुकानी जाण्याचीही. गोरोबाकाकांना त्या गिऱ्हाइकाने आणखी सहा गिऱ्हाइके आणण्याची गरज नव्हती. आजही कोणी वारकरी बंधू अगरबत्ती विकत असेल, विमा उतरवीत असेल, लोणची-पापड दारोदार नेत असेल, तर त्याच्याकडून अवश्य घ्यावे. कष्टाच्या धंद्यात लाज कसली? पण कसोटी एकच लावावी. मिळकत वस्तू विकल्याची आहे, की माणूस आणल्याची? माणूस आणल्याची असेल तर तिथे विक्रीचा माल म्हणजे आपला मित्रच आहे.

राजाच्या कायद्यानेही हीच रेघ ओढली आहे. १९७८ साली केंद्र सरकारने इनामी चिठ्ठ्या आणि पैसा फिरवण्याच्या योजना यांवर बंदी घालणारा कायदा केला. तो केवळ योजना काढणाऱ्यालाच धरीत नाही. जो त्यात सभासद होतो आणि भाग घेतो त्यालाही धरतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची आहे. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे नियम निघाले. त्यांनी वस्तू विकणाऱ्या खऱ्या कंपन्यांना मोकळीक ठेवली, पण माणसांवर माणसे रचण्याच्या योजनांना मनाई केली. सभासद होण्याची फी घ्यायची नाही, आणि ओळखपत्र व आधीची संमती असल्याशिवाय कोणाच्या घरी माल खपवायला जायचे नाही, असे त्यांत स्पष्ट आहे. तेव्हा "आमचे सगळे कायदेशीर आहे" असे कोणी म्हणाला, तर ही दोन-तीन कलमे त्याच्यापुढे ठेवावीत.

पण कायदा बाहेरच्या वागणुकीचा विचार करतो, परमार्थ आतल्या भावाचा. म्हणून आता मूळ प्रश्नाकडे येतो. मित्राला या साखळीत ओढणारा मनुष्य बहुधा लबाड नसतो. त्याला स्वतःलाच खरे वाटत असते. "माझे भले झाले, त्याचेही व्हावे," असे तो म्हणतो. मग हेतू चांगला असताना त्याला दोष लागेल काय?

आमचे मत असे आहे. पहिल्या दिवशी तो स्वतः फसलेला असतो; तिथे दोष फसवणाऱ्याचा. पण थोड्याच दिवसांत त्याला कळून चुकते की, मालाला गिऱ्हाईक नाही, आणि भरलेले पैसे वसूल व्हायचे तर ते नव्या माणसाकडूनच. हे कळल्यानंतर जो फोन तो करतो, तो वेगळा. तेव्हा मनाला गप्प बसवण्यासाठी तो 'त्याचे भले' हे शब्द वापरतो. आपल्याला सोयीचे ते खरे मानण्याची मनाची खोड मोठी आहे, आणि तिला संतांनी वारंवार चाप लावला आहे. अशा वेळी स्वतःलाच एक विचारावे: या माणसापासून मला एक पैसाही मिळणार नसता, तरी मी त्याला हा सल्ला दिला असता का? त्याच्या मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे यात घालायला सांगितले असते का? उत्तर देताना जीभ अडखळली, तर समजावे की हेतू आता पहिल्यासारखा शुद्ध राहिलेला नाही.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. वारकरी एकमेकांना भेटले की एकमेकांच्या पाया पडतात. वयाचा, जातीचा, पैशाचा विचार न करता समोरच्यात विठ्ठल आहे असे मानून वाकतात. ही आपली सर्वांत मोठी मिरास आहे. या योजनांतल्या लोकांची बोली ऐका. खाली जोडलेल्या माणसांच्या रांगेला ते 'लेग' म्हणतात, म्हणजे पाय! डावा पाय, उजवा पाय. डावा भरला, उजवा भरायचा राहिला. आपणही पायच म्हणतो, पण आपण त्यावर डोके ठेवतो, आणि तिथे तो पाय मोजून त्यावर आपली मजुरी लावतात. एकदा का ही नजर लागली की ती साखळीपुरती राहत नाही. लग्नात जा, बारशाला जा, दहाव्याला जा, नजर हिशेबच करीत राहते की, इथले कोण जोडता येतील? दिंडीच्या मंडळींचे फोन नंबर वाटेत चुकामूक होऊ नये म्हणून लिहून घेतलेले असतात. दिंडीच्या व्हॉट्सॲपवर मुक्कामाची वेळ कळवायची असते. त्याच यादीतून कोणी साखळीची आमंत्रणे पाठवू लागला, तर त्याने काही हजारांच्या लोभाने पांडुरंगाच्या नावावर जमलेला विश्वास खर्च केला. तो विश्वास त्याच्या एकट्याचा नव्हता. तो पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्यांनी साठवला होता. पहिल्या प्रश्नाचे आमचे उत्तर यातच आहे. पैसे हसतमुखाने दिले असतील, पण ते दिले विश्वासाच्या तारणावर; आणि ते तारण आपल्या मालकीचे नव्हते. म्हणून ते परद्रव्यच.

आणखी एक खूण लक्षात ठेवावी. अशा सभांत टाळ्या, जयघोष, 'गुरू' आणि अनुभवकथन असे सारे सत्संगासारखे असते. पण एक फरक आहे. तिथे सांगतात, "शंका काढणाऱ्या माणसांपासून दूर राहा, मग ते घरचे का असेनात." संतांनी निंदकालाही उपकार करणारा मानले, कारण तो आपला मळ दाखवतो. जिथे हिशेब विचारणाऱ्या बायकोला शत्रू ठरवतात, तो सत्संग नव्हे.

आता ज्यांच्याकडे असा मित्र येतो त्यांनी काय करावे? पुष्कळ लोक भिडेस्तव पैसे भरतात. "जाऊ द्या, पाच हजारांनी काय होते, मन मोडायला नको." पण भीड ही भिकेची बहीण, असे आपले वाडवडील सांगून गेले. शिवाय आपले पाच हजार जातात एवढ्यावर ते थांबत नाही. आपण भरले की त्याचा भ्रम आणखी पक्का होतो, आणि आपल्या नावाचा दाखला देऊन तो पुढच्या दारी जातो. म्हणून तोंडावर, गोड शब्दांत, पण स्पष्ट नाही म्हणावे. "उद्या बघू" म्हणू नये. मात्र नाही म्हणून त्याला वाळीतही टाकू नये, त्याची टिंगल करू नये. तो बहुधा अडचणीत असतो. नोकरी सुटलेली असते, पीक गेलेले असते, डोक्यावर कर्ज असते. "योजना राहू दे, तुला खरी अडचण काय आहे ते सांग," असे विचारावे. जमेल तेवढे हातउसने द्यावे, काम पाहून द्यावे. त्याला जे सरळ मागवत नव्हते ते आपण सरळ द्यावे. स्नेहाचा उपयोग यासाठीच. फसवणूकच झाली असेल तर सोबत पोलिसठाण्यात जावे, किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवायला मदत करावी.

आणि ज्यांनी आधीच चार जण जोडले आहेत, त्यांनी? हा सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि याचे उत्तर टाळले तर बाकीचे सगळे बोलणे फुकट. तुकोबारायांची कथा संप्रदायात सर्वश्रुत आहे. घरची सावकारी होती, लोकांकडून येणे होते. त्यांनी भावाच्या वाट्याची खते भावाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. ते येणे हक्काचे होते, तरी ते त्यांनी सोडले. आम्हांला तेवढे वैराग्य कोठून यावे! पण जे हक्काचे नाही तेवढे तरी परत करता येईल. आपल्याखाली ज्यांना जोडले त्यांच्या घरी जावे, वह्या मांडून बसावे, त्यांच्यामुळे आपल्याला जे मिळाले ते, एकदम नाही तर हप्त्याहप्त्याने, त्यांच्या हाती द्यावे आणि सांगावे की, "आता पुढे कोणाला जोडू नका." लाज वाटेल, चार माणसे हसतील. पण त्या दारातून परत निघताना तो माणूस पुन्हा मित्र झालेला असेल.

येत्या एकादशीला आपण एकमेकांच्या पायांवर डोके ठेवू, तेव्हा समोरच्याला मनात एवढी धास्ती नसावी की, हा आता वर उठून काय सांगणार? त्याला तेवढे अभय देणे आपल्या हाती आहे.

रामकृष्ण हरी.