पहिला खुलासा कोणाचा?

घाशीराम कोतवाल म्हटलं की तेंडुलकरांचं नाटक आठवतं आणि मूळ घटना बाजूला पडते. १७९१च्या ऑगस्टअखेरीस पुण्यात आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना पेशव्यांच्या या कोतवालाने, म्हणजे शहराच्या पोलीसप्रमुखाने, डांबून ठेवलं. वीसहून अधिक माणसं गुदमरून मेली. सरदार मानाजी फाकड्यांनी कुलूप तोडलं म्हणून बोभाटा झाला. एरवी नाना फडणविसांच्या कानावर कोतवालाचाच खुलासा गेला होता की आतले लोक चोर होते. पुढे जमाव पेशव्यांच्या दारात गेला, नानांनी कोतवाल हवाली केला आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचलं. याला न्याय म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण दाद मागायला दुसरं दार होतं कुठे?

मला खटकतो तो पहिला खुलासा. कोठडीत माणूस मेला, तर त्याची पहिली बातमी कोठडीच्या मालकाकडूनच येते. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत पोलिसांनी सांगितलं, आरोपी पळाला. तपासात निघालं ते असं, की तो तरुण कोठडीतल्या मारहाणीत मेला होता आणि त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला होता. तपास सीआयडीने केला, पोलिसांना अटकही झाली, हेही सांगायला हवं.

कायद्याला हे कळत नाही थोडंच! १८६१ साली इंग्रजांनी पोलीस कायदा केला आणि त्याच वर्षीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत लिहून ठेवलं, की पोलिसापुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालणार नाही. तो अविश्वास १८७२च्या पुरावा कायद्यातून आजच्या भारतीय साक्ष अधिनियमापर्यंत शाबूत आला आहे. मात्र तक्रार खुद्द पोलिसाविरुद्ध असली, की पोलिसाचीच लेखणी पुन्हा विश्वासू ठरते. एसपी ऑफिसात अर्ज द्या; आवकचा शिक्का बसतो, अर्ज 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' खाली उतरतो आणि एक दिवस फोन येतो, 'साहेबांनी जबाबाला बोलावलंय.' ते साहेब सज्जनही असतील. पण ज्याच्याविरुद्ध अहवाल लिहायचा, त्याच्याच सोबत उद्या गणपतीचा बंदोबस्त करायचा असतो.

यावर तोडगा म्हणून प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितली. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून ती कागदावर आणली. निवृत्त न्यायमूर्ती अध्यक्ष झाले की चौकशी स्वतंत्र झाली, असा मात्र आपला एक गोड समज असतो. न्यायमूर्ती वाचणार कागद, आणि कागद येणार ठाण्यातून. उत्तर आयर्लंडमध्ये २००० साली सुरू झालेल्या पोलीस ओम्बुड्समनच्या कचेरीत स्वतःचे तपास अधिकारी असतात. जागेवर जाऊन पुरावा तेच गोळा करतात. दोन्हींतला फरक मला इथेच दिसतो. आपल्याकडे खुर्ची दिली, पाय दिले नाहीत.

डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक आदेश दिला. प्रत्येक ठाण्यात, कोठडीत, व्हरांड्यात, अगदी फौजदाराच्या खोलीतही कॅमेरे हवेत आणि चित्रण अठरा महिने जपून ठेवायला हवं. निकाल वाचताना बरं वाटत जातं. देखरेखीसाठी राज्य आणि जिल्हा समित्याही त्यात आहेत. पण कॅमेरे चालू ठेवण्याची आणि चित्रण होतंय ना हे पाहण्याची जबाबदारी त्याच निकालाने दिली आहे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यावर.