मुलाच्या हातातील यंत्र आणि पालकांचे कुलूप



घरात वयात आलेला मुलगा किंवा मुलगी आहे आणि घरात संगणक किंवा स्मार्टफोन आहे, तर एक प्रश्न आज ना उद्या आपल्या दारी येणारच. मूल इंटरनेटवरून चित्रपट, गाणी, खेळ, महागडी सॉफ्टवेअर फुकट उतरवून घेते, मित्रांकडून फाइली घेते, मित्रांना देते. हे आपल्या ध्यानात येते तेव्हा आपण काय करावे? यंत्राला कुलूप घालावे, गुपचूप पाळत ठेवावी, की वयच तसे आहे म्हणून सोडून द्यावे? वरवर पाहता हा यंत्राचा प्रश्न वाटतो. परंतु तो नीतीचा आहे, आणि नीतीचा म्हणूनच तो सोडवला पाहिजे.

प्रथम हे वाटप चालते कसे ते समजून घेऊ. ज्याला मुले 'टॉरंट' म्हणतात ती पद्धत ब्रॅम कोहेन या अमेरिकन तरुणाने 2001 साली काढली. तीत फाइल एका ठिकाणाहून येत नाही. शेकडो अनोळखी माणसांच्या संगणकांतून ती तुकड्यातुकड्यांनी येते. आणि एक तुकडा आपल्याकडे आला की आपला संगणकही तो इतरांना वाटू लागतो. मुलाला वाटते, मी फक्त घेतो आहे. प्रत्यक्षात तो वाटतोही आहे, आणि ज्या जोडणीवरून वाटतो तिचा क्रमांक त्या घोळक्यातील कोणालाही दिसतो. जोडणी कोणाच्या नावावर? बापाच्या, नाही तर आईच्या.

याचा अर्थ काय होतो ते अमेरिकेत 2003 साली दिसले. त्या सप्टेंबरात ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने गाणी वाटणाऱ्या 261 जणांवर दावे लावले. त्यांत न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतीत राहणारी 12 वर्षांची एक मुलगी होती. पैसे भरून घेतलेला प्रोग्राम आहे, तेव्हा सारे रीतसरच असणार, अशी तिच्या घरची समजूत. आईने 2000 डॉलर भरून प्रकरण मिटवले. श्रीमंताला ही रक्कम म्हणजे एक संध्याकाळ. त्या घराला ती काय झाली असेल, हे आपल्या घरांना समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 63 व्या कलमात जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे.

पण कायद्यापेक्षा जवळचा धोका निराळा आहे. फुकट मिळालेल्या खेळाच्या फाइलीत दुसरेच काही दडलेले असू शकते. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून 'एपीके' फाइल पाठवून फोनचा ताबा घेण्याचे प्रकार इतके झाले, की 2024 साली पोलिसांना जाहीर इशारे द्यावे लागले. आपल्या कितीतरी घरांत फोन एकच असतो. त्याच्यावरच मुलाचा अभ्यास, त्याच्यावरच शिष्यवृत्तीचा अर्ज, त्याच्यावरच आईच्या बचतीचे खाते. मुलाने फोडलेला खेळ त्याच फोनवर बसवला, तर जुगार कोणाच्या पैशाने झाला? आणखी एक गोष्ट मुलांना ठाऊकच नसते: अठरा वर्षांखालील कोणाचेही अश्लील चित्र पुढे पाठवणे, इतकेच काय ते उतरवून घेणेही, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 67-ब कलमाखाली गुन्हा आहे. गंमत म्हणून वर्गातल्या गटात टाकलेले चित्रही यात येते.

आता चोरीचा प्रश्न. मूल विचारते, "मी नक्कल घेतली, मूळ त्याच्याकडेच राहिले, मग मी चोरले काय?" या प्रश्नाला दटावणी हे उत्तर नव्हे. पंचशीलातील दुसऱ्या शीलाचा शब्द अदिन्नादान आहे, म्हणजे न दिलेले घेणे. कोणाचे काय कमी झाले हा त्यातला प्रश्न नाही. देणाऱ्याने दिले होते काय, हा आहे. तरीही मी असे म्हणणार नाही की प्रत्येक नक्कल पाप आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका फोटोकॉपीच्या दुकानावर मोठ्या प्रकाशकांनी दावा केला, तेव्हा 2016 साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिकवण्यासाठी पुस्तकांतील भागांच्या प्रती काढण्यास कायद्यात मुभा आहे असे मानले. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर शिवू दिले नव्हते, त्यांनी हा फरक नीट समजून घ्यावा. पुस्तकाच्या भुकेला वाट आहे. बालभारतीची आणि एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके संगणकावर मोफत मिळतात. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, म्हणून बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ 1 जानेवारी 2017 पासून कोणीही छापावेत, वाटावेत. कालच प्रदर्शित झालेला चित्रपट या भुकेत मोडत नाही, एवढे मुलाला समजते. न समजल्याचे सोंग तो करतो.

मग कुलूप लावावे काय? होय, लावावे. संगणकावर मुलाचे खाते साधे ठेवावे, म्हणजे बहुतेक प्रोग्राम बसवताना पालकांचा पासवर्ड लागतो. फोनवर गूगलचे 'फॅमिली लिंक' आहे. त्यातून कोणते अ‍ॅप बसवायचे याची परवानगी आपल्या हाती राहते. बँकेचे व्यवहार शक्यतो मुलाच्या हातातील फोनवर ठेवू नयेत. मात्र कुलपाची मर्यादा ओळखा. टॉरंटचे प्रोग्राम पूर्वी 6881 ते 6889 या ठरावीक दारांतून ये-जा करीत; राउटरमध्ये ती दारे बंद केली की झाले, असे अजूनही सांगितले जाते. पण हे प्रोग्राम दुसरे दार निवडतात. घरचे इंटरनेट बंद केले तर मूल मोबाइलचा डेटा वापरते, तेही नाही तर मित्राचे घर आहेच.

आणि आपल्या घरांतली खरी अडचण तर याहून वेगळी. कुलूप लावायचे कसे हे बापाला ठाऊक नसते. फोन घेतला त्या दिवशी पासवर्ड मुलानेच घालून दिलेला असतो! किल्ली ज्याच्याकडे, त्यालाच आपण कोंडायला निघालो. म्हणून मी म्हणतो, मुलालाच शेजारी बसवा आणि त्याच्याच हातून ही व्यवस्था करून घ्या. काय बंद होते आणि का, हे त्याच्या तोंडून ऐका. बापाला यात कमीपणा वाटायचे कारण नाही.

गुपचूप पाळतीला मात्र माझा विरोध आहे. मुलाचे निरोप चोरून वाचणारे अ‍ॅप बाजारात मिळते. ते घेऊ नये. आपल्या आजोबा-पणजोबांच्या उठण्याबसण्यावर गावाची नजर असे. नजरेखाली जगणारा माणूस लपवायला शिकतो. उघड कुलूप मुलाला सांगते की येथे धोका आहे. चोरटी नजर सांगते की तुझ्यावर विश्वास नाही, आणि बळ असेल त्याने दुसऱ्याचे चोरून पाहावे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा फोन पालकांनी त्याच्यासमोर तपासणे वेगळे. सोळा वर्षांच्या मुलीशी तसे वागता येणार नाही.

बुद्धाने राहुलाला उपदेश केला तेव्हा आरशाचा दृष्टांत दिला: कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर ते पारखून पाहा, आपल्याला वा दुसऱ्याला त्याने पीडा होते काय. फाइल उघडण्यापूर्वी ती कोणाकडून आली, पाठवण्यापूर्वी ती कोणाची आहे, हे विचारण्याची सवय याच जातीची. ती एका दिवसात लागत नाही. तोवर कुलूप राहू द्या आणि दरवर्षी एकेक सैल करीत जा. सैल करण्याची तारीख मुलाला आधी सांगून ठेवा.

आणि एक वचन आजच द्या. काही बिघडले, कोणी चित्र दाखवून धमकावले, खात्यातून पैसे गेले, तर मुलाने प्रथम तुमच्याकडे यावे आणि त्या दिवशी फोन हिसकावला जाणार नाही. पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 वर कळवायचे. मूल संकटात असेल तर 1098. हे दोन्ही क्रमांक मुलाच्याच अक्षरात कागदावर लिहून घ्या आणि कागद घरात सर्वांना दिसेल असा चिकटवा. फोनच बंद पडला, तर आतले क्रमांक कोण वाचणार?