आजीचा नेम

दिवाळीच्या अंकात पावाविषयी लिहावे, हे वाचकांना जरा विचित्रच वाटेल. अनारसे, चिरोटे सोडून पाव! पण २०२४ सालची दिवाळीची सुट्टी मी मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरात, तेथे नोकरीला असलेल्या भाच्याकडे काढली, आणि तिथल्या एका पावाच्या दुकानात एकवीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट मला पुन्हा भेटली.

दुकानाची रीत मोठी गमतीची. दारातच पत्र्याचे गोल ताट आणि चिमटा घ्यायचा, मांडणीवरचा हवा तो पाव आपल्या हाताने उचलायचा आणि ताट गल्ल्यावर नेऊन हिशोब करायचा. आपल्याकडे मिठाईवाला काचेमागून देतो; येथे निवडही तुमची आणि हावरेपणाची लाजही तुमची. या गोड पावांना ‘पान दुल्से’ म्हणतात. कोंचा म्हणजे शिंपला. मऊ पावावर साखर-पिठाचा थर आणि त्यावर शिंपल्यासारख्या रेघा. खाताना वाटते, नानकटाई आणि पाव एकाच घासात आले. दुसरा कानाच्या आकाराचा, पदर सुटलेला, आपल्या चिरोट्याचा लांबचा भाऊ. तिसरा चक्क डुकराच्या आकाराचा. त्यात पिलोन्सियो नावाचा तिथला गूळ असतो. तो नुसता हुंगला आणि मला संक्रांत आठवली. कित्येक पावांत डुकराची चरबी घालतात, म्हणून भाचा प्रत्येक वेळी आधी विचारून घेई. अंडे मला चालते. चरबी चालत नाही. आता अंडे का चालते आणि चरबी का नाही, असे कोणी विचारले तर मजजवळ धड उत्तर नाही.

अशा प्रश्नांना धड उत्तर नसते, हे मी आजीकडून शिकले.

आमचे घराणे वसईकडचे. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या कथा आजीने तिच्या आजीकडून ऐकलेल्या. तेव्हा आजीच्या लेखी पाव हा खाण्याचा पदार्थच नव्हता. आम्ही नातवंडे वडापाव खाऊन आलो की ती आम्हांला चूळ भरायला लावी. एकादशीला मात्र तिचे ताट पाहावे! साबुदाण्याची खिचडी, तीत दाण्याचे कूट, बटाटा, हिरवी मिरची. जोडीला राजगिऱ्याचा लाडू. मी इतिहास मॅट्रिकपुरताच शिकले, त्यामुळे हे फार उशिरा कळले, की जिऱ्या-तुपाखेरीज त्या ताटातले जवळजवळ सगळे अमेरिका खंडातून आलेले, आणि आले तेही पोर्तुगीजांसारख्या दर्यावर्दी लोकांच्याच मागोमाग. गहू मात्र आपल्याकडे हजारो वर्षांचा. तोच आजीला पावात चालला नाही.

मेक्सिकोत याच्या नेमके उलट. तेथे गहू हा परका. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी तिथली राजधानी जिंकली आणि त्यांच्याबरोबर गहू आला. आपणच तो तेथे प्रथम पेरला, असे हुआन गार्रिदो नावाच्या आफ्रिकी शिपायाने १५३८ सालच्या आपल्या अर्जात नमूद केले आहे. तिथले जुने लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून त्या प्रसादासारख्या खात. पाद्र्यांना ते सोसले नाही. त्यांनी ती चाल मोडली. तोच राजगिरा गोड पाकात वळून केलेल्या वड्या एक बाई दुकानाबाहेर विकत होती. तिकडे त्यांना ‘आलेग्रिया’, म्हणजे आनंद म्हणतात. आणि आत, जेत्यांच्या गव्हाचा पाव, लोक आपल्या मेलेल्या माणसांसाठी नेत होते.

कारण १ आणि २ नोव्हेंबरला तेथे मृतांचा सण असतो. त्यासाठी गोल पाव करतात. त्यावर कणकेचीच हाडे आडवी-उभी बसवतात, मध्यावर एक गोळी, वरून साखर, आणि आत संत्र्याचा मंद वास. घरोघरी चौथरा मांडून त्यावर तसबिरी, मेणबत्त्या, पाण्याचा पेला, झेंडूची फुले. झेंडूही मूळचा तिकडचाच! मृतांच्या आवडीचे पदार्थ तेथे ठेवायचे. दुकानातही एका कोपऱ्यात असा चौथरा होता. म्हाताऱ्या गृहस्थांची तसबीर आणि पुढे दोन कोंचा.

“माझे वडील,” गल्ल्यावरची बाई म्हणाली. भाचा मराठीत सांगत होता. “मधुमेह होता. शेवटची चार वर्षे मीच त्यांच्या हातातून हे काढून घेत असे.”

“आणि आता?”

“आता देते.”

२००३ साली आजी इस्पितळात होती. वय चौऱ्याऐंशी. शेजारच्या खाटेवरची बाई रोज सकाळी चहात पाव बुडवून खाई. एके सकाळी आजी मला हळूच म्हणाली, “मलाही दे गं एक तुकडा.” मी म्हटले, “आजी, तो पाव आहे.” ती म्हणाली, “ठाऊक आहे मला.” मी दिला नाही. तापात बोलते आहे, उद्या शुद्धीवर आल्यावर तिलाच जन्मभर पाळलेले मोडल्याचे दुःख होईल, असे मी मनाला समजावले. तिने भिंतीकडे तोंड फिरवले. तिसऱ्या दिवशी ती गेली.

दहाव्याला कावळा शिवेना. कोणी धाकट्याच्या मुंजीचे वचन दिले, कोणी देवघराचे. मी पदराआड हात जोडून गप्प उभी. पाव हा शब्द त्या घाटावर उच्चारायचा कसा? शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. काका पुढे म्हणाले, “तू केलेस ते बरोबरच केलेस.” त्यांचे ते म्हणणे मी पुष्कळ वर्षे वापरले.

त्या मेक्सिकन बाईशी मी माझी तुलना करू लागले. पण ती काही जुळेना. तिने साखर नाकारली ती वडिलांच्या जिवासाठी. आजीचा त्या तुकड्याने काय बिघडणार होते? ज्याने नेम धरला त्यालाच तो सोडण्याचा अधिकार असतो, एवढे तर शाळेतली मुलेही खेळताना मान्य करतात. आजीने तो स्वतःच्या तोंडाने, समजून-उमजून सोडला होता. मला तेव्हा आजीपेक्षा तिचा नेम अधिक ओळखीचा होता. परंतु लगेच दुसरे मन म्हणते, तापातल्या माणसाचे ‘ठाऊक आहे मला’ किती खरे धरावे? या दुसऱ्या मनावर माझा हल्ली विश्वास कमी होत चालला आहे. ते नेहमी माझ्याच बाजूने बोलते.

शिवाय मेलेल्याला देणे सोपे असते. तो मागत नाही आणि नाकारतही नाही.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरलाच आले. भाच्याने झेंडूचे तोरण बांधले होते. लाह्या-बत्तासे मी येथूनच नेले होते. पूजा झाल्यावर मी हाडांचा पाव पिशवीतून काढला. लक्ष्मीपुढे ठेवायला मन धजेना, म्हणून स्वयंपाकघरात खिडकीपाशी बशीत ठेवला.

“मावशी, हा कोणासाठी?” भाच्याने विचारले.

मी त्याला चहाचे आधण ठेवायला सांगितले.