उत्तर कुणाला द्यायचं?

मराठीत ‘उत्तर देणं’ दोन तऱ्हांनी बोललं जातं. समोरच्यानं काही विचारलं, मांडलं, त्यावर आपण विचार करून बोललो, हे एक उत्तर. आणि “त्यांना चोख उत्तर देऊ” असं मोर्च्यात माईकवरून सांगतात, ते दुसरं. शब्द एकच असल्यामुळे यातला फरक पटकन लक्षात येत नाही. एखाद्या धर्माच्या थोर माणसाच्या तोंडून दुसऱ्या धर्माला झोंबेल असं काही निघालं, की तो फरक जाणवतो. त्यासाठी २००६ सालचा एक प्रसंग जरा सावकाश बघू या.

१२ सप्टेंबर २००६ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग विद्यापीठात बोलत होते. पोप होण्याच्या कितीतरी आधी ते तिथे धर्मशास्त्र शिकवत असत. विषय होता श्रद्धा आणि बुद्धी. युरोपानं मोजता येईल तेवढ्यालाच बुद्धी मानलं, आणि दुसरीकडे बुद्धी सोडून केलेली श्रद्धा हिंसेकडे वळते, असा व्याख्यानाचा रोख होता. सुरुवातीलाच त्यांनी बायझँटाइन सम्राट मॅन्युएल दुसरा याचं एक जुनं वाक्य उद्धृत केलं. प्रेषित महंमदांच्या शिकवणीला आणि तलवारीनं धर्म पसरवण्याला त्यात फार कठोर नावं ठेवलेली होती. वाक्य तुटक आहे, असं पोप म्हणाले. पण ते आपल्याला मान्य नाही, असं त्या दिवशी म्हणाले नाहीत. पुढचं सगळं या न म्हटलेल्या शब्दांतून घडलं.

त्या वाक्याचं मूळ ठिकाण बघण्यासारखं आहे. मॅन्युएल तेव्हा सुलतान बायजीदचा मांडलिक होता. १३९१ मध्ये सुलतानाच्या स्वारीबरोबर त्याला अनातोलियात जावं लागलं आणि हिवाळ्यात अंकाऱ्याला मुक्काम पडला. तिथे एका मुस्लिम विद्वानाशी त्याची धर्मावर चर्चा झाली. मॅन्युएलनं नंतर ती स्वतःच लिहून काढली, म्हणजे दुसऱ्याची बाजूही त्याच्याच लेखणीतून आली, हे खरं. पण त्या ग्रंथात असे २६ संवाद आहेत आणि हे झोंबणारं वाक्य सातव्यातलं आहे. त्यानंतर आणखी १९ संवाद झाले. समोरचा माणूस उठून गेला नाही.

आपल्याकडे पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात ‘हिंदू-तुर्क संवाद’ रचला, त्याचीही घडण अशीच. दोघं एकमेकांचा देव, आचार, ग्रंथ काहीच सोडत नाहीत. आज कुणी व्यासपीठावरून तसं बोललं तर गावात बंदोबस्त लागेल. तरी शेवटी ते दोघं एकमेकांना आलिंगन देतात. हे शक्य होतं, कारण प्रत्येक वाक्य समोर बसलेल्या माणसाला उद्देशून असतं. बोलणाऱ्याला लगेच ऐकूनही घ्यावं लागतं.

रेगेन्सबुर्गच्या सभागृहातून ते वाक्य बाहेर पडलं, तेव्हा असं समोर कुणी बसलेलं नव्हतं. अंकाऱ्याचा हिवाळा मागे राहिला, व्याख्यानाचा विषय मागे राहिला. उरलं एवढंच, की पोप असं म्हणाले. तीन दिवसांत पाकिस्तानच्या संसदेनं एकमतानं निषेधाचा ठराव केला. काश्मीरमध्ये निदर्शनं झाली. पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुस शहरात चर्चवर पेटते गोळे फेकले गेले. त्यातलं एक अँग्लिकन होतं आणि एक ग्रीक ऑर्थोडॉक्स. यांतलं कुणीही पोपला मानणारं नाही. ज्यांच्यावर राग काढला, त्यांचा त्या व्याख्यानाशी काडीचा संबंध नव्हता. १७ सप्टेंबरला मोगादिशूमध्ये, परिचारिका घडवणाऱ्या सिस्टर लिओनेला स्गोर्बाती यांना रुग्णालयाजवळ गोळ्या घातल्या. व्याख्यानाशी त्या खुनाचा संबंध सिद्ध झाला नाही, पण त्या दिवशी तो सगळ्यांच्या मनात आला. त्यांच्याबरोबर त्यांचा सोमाली अंगरक्षकही मेला. तो मुसलमान होता.

म्हणून दुखावलेल्यांचं दुःख खोटं ठरत नाही. माझ्या मते चूक पोपचीच होती. प्राध्यापक एखादं वाक्य उद्धृत करतो तेव्हा ते उद्धृतच राहतं. पोपनं उच्चारलं की त्यामागे गादी उभी राहते. त्याच रविवारी त्यांनी खेद व्यक्त केला, तोही मुख्यतः उसळलेल्या प्रतिक्रियांबद्दल. ते वाक्य माझं मत नाही, हेही तेव्हा सांगितलं. पुढे छापील पाठात ते वाक्य आपल्याला अस्वीकारार्ह वाटतं असा शब्द घातला आणि खुलाशाची तळटीपही जोडली. हाच शब्द पहिल्या दिवशी हवा होता.

आता खरं उत्तर. ऑक्टोबरच्या मध्यावर जगभरातल्या ३८ मुस्लिम विद्वानांनी पोपना खुलं पत्र लिहिलं. इजिप्तचे मुफ्ती अली गोमा त्यात होते, बोस्नियाचे मुस्तफा सेरिच होते, सुन्नी होते, शियाही होते. त्यांनी अख्खं व्याख्यान वाचलं होतं, हे पत्रात पानोपानी दिसतं. धर्मात सक्ती नाही, ही कुराणातली आयत महंमद दुर्बळ होते त्या आरंभीच्या काळातली, असं पोप म्हणाले होते. विद्वानांनी दाखवून दिलं, की ती मदिनेतली आहे, मुसलमानांच्या हाती बळ येऊ लागलं तेव्हाची. यहुदी किंवा ख्रिस्ती झालेल्या आपल्याच मुलांना परत आणू पाहणाऱ्या आईबापांना ती सांगितली गेली. म्हणजे ती कमजोराची विनवणी नाही, बळ असलेल्याला घातलेला आवर आहे. एका तपशिलानं सगळा अर्थ फिरतो! पत्रात पोपच्या खेदाचा स्वीकार आहे. आणि जडवादाविरुद्धच्या त्यांच्या मूळ मुद्द्याचं मनापासून स्वागतही आहे. रागाच्या भरात असं लिहिता येत नाही, आणि राग नसता तर कदाचित लिहिलंही गेलं नसतं.

नोव्हेंबरअखेर पोप इस्तंबूलच्या निळ्या मशिदीत गेले. जोडे काढले, मुफ्ती मुस्तफा चाग्रिजी यांच्या शेजारी मक्केच्या दिशेनं तोंड करून डोळे मिटून उभे राहिले. पुढच्या वर्षी सह्या करणारे ३८चे १३८ झाले, आणि या वेळचं पत्र साऱ्या ख्रिस्ती चर्चांना होतं. नोव्हेंबर २००८ मध्ये दोन्हीकडची माणसं रोममध्ये तीन दिवस एकत्र बसली.

रेगेन्सबुर्गचं व्याख्यान तासाभरात वाचून होतं. त्या ३८ जणांचं पत्रही मोठं नाही. दोन्ही शेजारी ठेवून एकदा वाचा.